बोलपाटीनं गिळलेली ओळ

“बिरनाळे सर, तुमच्याविषयी आम्हा सर्वांना अतिशय आदर आहे,” सुहास म्हणाला, आणि मला कळलं की आता बिरनाळ्यांची धडगत नाही.

सांगलीतल्या एका वाचनालयाच्या माळ्यावर आम्ही नऊ-दहा जण गोल करून बसलो होतो. एप्रिल महिना होता. पंखा फिरत होता तो गरम हवा एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर न्यायला. मधल्या टेबलावर परातभर भडंग ठेवलं होतं आणि कुणीच त्याला हात लावत नव्हतं. सांगलीत भडंग समोर असताना माणसं गप्प बसतात म्हणजे विषय किती अवघड असेल ते समजा.

“आदर राहू दे बाजूला,” बिरनाळे म्हणाले. “मुद्द्याचं बोला.”

“मुद्दा असा, की तुमच्या भाषेबद्दल तीन सभासदांनी लेखी तक्रार केलीय.”

“आणि माझ्या तक्रारीचं काय झालं? ती पण लेखीच होती. तीनदा होती.”

“त्याची नोंद घेतलीय, सर.”

“नोंदच घेताय वर्षभर!”

सुहास केळवकर हसला. त्याचं हसू चांगलं होतं. आवाज कधी चढायचा नाही, वाक्य कधी अर्धं सुटायचं नाही. पुण्यात मोठ्या कंपनीत होता, पण मूळचा सांगलीचा. बोलपाटी त्यानंच सुरू केली. बोलपाटी म्हणजे संगणकावरचा मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. तो फुकट होता, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो मुक्त होता. त्याच्या पोटात काय आहे ते कुणीही उघडून बघावं, बिघडलेलं दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं. मालक कुणीच नाही. मी जन्मभर मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. ‘मालक कुणीच नाही’ हे ऐकून मला तरुणपणी वाटायचं तसं काहीतरी वाटलं होतं.

आमचं सगळं काम ई-मेलच्या एका यादीवर चालायचं. एकानं लिहिलं की सगळ्यांना जायचं. मतदान नसायचं. कुणीतरी प्रस्ताव टाकायचा आणि आठ दिवस थांबायचं. एकानं जरी हरकत घेतली तरी प्रस्ताव अडायचा, कुणीच काही बोललं नाही तर मंजूर. मला ही पद्धत फार आवडायची. हात वर करायला सांगितलं की माणसं आधी शेजाऱ्याकडे बघतात. इथं तो प्रकार नव्हता.

आचारसंहितासुद्धा अशीच मंजूर झाली होती, आणि ती हवी असा हट्ट माझाच होता. पल्लवी दोडमिसे नावाची इचलकरंजीची मुलगी आमच्यात नवीन आली होती, इंजिनीअरिंगला शेवटच्या वर्षाला. तिनं पहिलं काम पाठवलं, त्यावर एका गृहस्थानं यादीवर लिहिलं, ‘मुलींनी रांगोळ्या काढाव्यात, हे आमच्यावर सोडावं.’ खाली चार जणांनी हसरे चेहरे टाकले. पल्लवी त्यानंतर कितीतरी दिवस यादीवर दिसली नाही. मी तिला फोन करून परत आणलं आणि सुहासला म्हटलं, “नियम करा. नाहीतर इथं फक्त जाड कातडीची माणसं उरतील.” माझं तेव्हा तेच मत होतं, आजही तेच आहे. मी वहीच्या दीड पानावर मसुदा लिहून दिला. सुहासनं तो नीट टाइप करून घेतला, यादीवर टाकला, आठ दिवस गेले, कुणी हरकत घेतली नाही.

आणि त्या नियमांखाली पहिलं नाव आलं ते बिरनाळ्यांचं. रांगोळीवाला गृहस्थ तोवर आपणहून निघून गेला होता.

रंगनाथ बिरनाळे मिरजेत अंध मुलींच्या वसतिगृहात शिकवायचे. स्वतः जन्मापासून अंध. बोलपाटीची प्रत्येक नवी आवृत्ती पहिल्यांदा ते ऐकायचे आणि कुठे अडतंय ते सांगायचे. ताज्या आवृत्तीत त्यांना एक दोष सापडला होता. पान संपता संपता बोलपाटी शेवटची ओळ गिळायची. नेहमी नाही, कधीकधी. त्यांनी तीनदा लिहिलं. तीनदा ‘धन्यवाद, नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं. चौथ्यांदा त्यांनी काय लिहिलं ते सुहासनं आता कागद हातात धरून वाचून दाखवलं.

“‘आंधळा मी आहे, पण बघायला तयार नाही तुम्ही. डोळस गाढवांचा कळप आहे हा. पान वाचायचं हे प्रोग्रॅमिंग ज्या कुणी लिहिलंय त्याला परत कीबोर्डला हात लावू देऊ नका.’ असं लिहिलंयत, सर. आपल्या नियम क्रमांक दोन आणि पाचचा भंग होतो.”

“कुठले नियम?”

“आचारसंहितेचे.”

“ते कधी झाले?”

माळ्यावर थोडी चुळबुळ झाली. कोल्हापूरहून आलेला एक जण म्हणाला, “सर, यादीवर आले होते की. फेब्रुवारीत.”

“यादीवर ‘सोबत जोडलेली प्रत पाहावी’ एवढं आलं होतं. ती प्रत मी उघडली. बोलपाटीनं कचरा वाचला. मला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका असेल. बंद केली.”

“तुम्ही विचारायचं होतं ना,” सुहास म्हणाला.

“असल्या फायली रोज येतात, केळवकर. प्रत्येकाला विचारत बसलो तर जन्म जाईल माझा.”

“बिरनाळे, मी वाचून दाखवते,” मी म्हटलं. “दीडच पान आहे.”

“नको, बाई. तुम्ही नका वाचू. बोलपाटीला वाचू दे. आपली आहे की.”

पल्लवीनं लॅपटॉप उघडला. त्या दिवशी तिचा चेहरा मला अजून आठवतो, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा. तिनं आचारसंहितेची फाइल उघडली आणि बोलपाटी सुरू केली.

इथं एक सांगायला हवं. बोलपाटीचा आवाज माझा होता. तीन वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात खिडक्या लावून, भिंतींना गाद्या टेकवून सुहासनं तो टिपून घेतला होता. मी शब्द वाचत होते आणि तो कानाला यंत्र लावून जमिनीवर मांडी घालून बसला होता. फ्रिज घुमतो म्हणून त्यानं तो बंद केला आणि दूध नासलं. दुपारी थालीपीठ खाताना म्हणाला होता, “काकू, तुमचा आवाज हजारो घरांत जाईल.” तेव्हा तो मला काकू म्हणायचा.

तर त्या माळ्यावर माझा आवाज आमचे नियम वाचायला लागला.

“एल. एम. कंस सुरू. टक्के. एस. ए. ए. उद्गारचिन्ह. कंस पूर्ण. डॉलर. के.”

कोल्हापूरवाला फस्सकन हसला. मग आणखी दोघं हसले. माझा आवाज शांतपणे, बाईंनी पाढे म्हणावेत तसा, पुढे चालला होता. टक्के, टक्के, ए, एल, तारा. हसू थांबलं. पल्लवीनं बंद करायला हात पुढे केला, तर बिरनाळे म्हणाले, “चालू दे. नियम क्रमांक दोन येऊ दे.”

“फॉन्टचा प्रश्न आहे,” सुहास म्हणाला. तो पहिल्यांदाच जरा घाईनं बोलला. “छान दिसावी म्हणून छापखान्यातून करून घेतली होती. त्यांचा जुना फॉन्ट असणार. डोळ्यांना मराठी दिसतं, संगणकाला दिसत नाही. मनापासून दिलगीर आहे, सर. आजच दुसरी प्रत करून घेतो.”

“मग हे नियम आज लागू कसे?” मी विचारलं.

“लागू तर झालेत, शशिकलाताई. आठ दिवस यादीवर होते. एकही हरकत आली नाही.”

मी शशिकलाताई कधी झाले ते मला कळलंही नव्हतं.

“ज्याला वाचताच आले नाहीत तो हरकत घेईल कशी?”

“तो तांत्रिक मुद्दा आहे. आपण आत्ता वर्तणुकीबद्दल बोलतोय. दोन्हींची गल्लत नको.”

“सुहाससर, मी बोलू?” पल्लवी म्हणाली. ती उभी राहिली, मग उभं राहायची गरज नाही हे लक्षात येऊन परत बसली. “ते पान वाचायचं प्रोग्रॅमिंग मी लिहिलंय. बिरनाळेसर, मला तुमचं ते कीबोर्डचं वाक्य फार लागलं. मी दोन दिवस कॉलेजला गेले नाही.”

बिरनाळ्यांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. “तू लिहिलंयस होय?”

“हो.”

“मला माहीत नव्हतं, पोरी. केळवकरांनी लिहिलं असेल असं वाटलं. त्यांना लागावं म्हणूनच लिहिलं होतं. तुझी माफी मागतो.”

“पण सर, ओळ गिळते ते खरं आहे,” पल्लवी म्हणाली. “मी तपासलं. मी दुरुस्ती पाठवलीय सुहाससरांकडे.”

“पल्लवी, ती आपण समारंभानंतर बघू,” सुहास म्हणाला. “आत्ता ऐन वेळी काही हलवायला नको.”

पुढच्या महिन्यात पुण्यात मोठ्या सभागृहात बोलपाटीच्या नव्या आवृत्तीचं प्रकाशन होतं. पाहुणे ठरले होते, पत्रिका गेल्या होत्या.

“म्हणजे गिळलेलीच ओळ प्रकाशित करणार!” बिरनाळे ओरडले. “निर्लज्ज आहात रे तुम्ही!”

सुहासनं कागदावर काहीतरी टिपलं. “ही चौथी तक्रार धरावी लागेल,” तो हळूच म्हणाला. “सर, माझी खरंच इच्छा नाही. पण मला प्रस्ताव यादीवर टाकावाच लागेल. एकानं जरी हरकत घेतली, तरी तुम्ही आमच्यातच राहाल.”

“मी घेणार हरकत,” मी म्हटलं.

“जरूर घ्या. त्यासाठीच तर पद्धत आहे.”

भडंग तसंच राहिलं. जाताना कोल्हापूरवाल्यानं कागदात बांधून घेतलं.

मी बिरनाळ्यांना स्टँडवर सोडायला गेले. माझ्या कोपराला हात लावून ते झपझप चालायचे, मलाच धाप लागायची. मिरजेच्या गाडीला वेळ होता म्हणून उसाचा रस घेतला.

“माफी सगळ्यांसमोर मागितलीत, बरं केलंत,” मी म्हटलं. “पण शेवटी परत कशाला तोंड उघडलंत? जिंकत आला होता तुम्ही.”

“राहवलं नाही.”

“एका ओळीसाठी एवढं?”

त्यांनी ग्लास बाकावर ठेवला. नीट कडेला हात लावून, सांडणार नाही अशा बेतानं.

“आमच्याकडं सुवर्णा म्हणून पोरगी आहे, बाई. लिपिकाच्या परीक्षेला बसलेली. परीक्षेचं पत्र मेलनं आलं. तिनं बोलपाटीवर तीनदा ऐकलं. तुमच्याच आवाजात. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की केंद्र सांगलीऐवजी कोल्हापूर. ती ओळ गिळली. पोरगी सकाळी सातला सांगलीच्या शाळेच्या फाटकात जाऊन उभी राहिली. शिपाई म्हणला, इथं कसली परीक्षा?”

मी माझा ग्लास त्यांच्या ग्लासाशेजारी ठेवला.

“हे तुम्ही यादीवर का नाही लिहिलंत? आत्ता वर का नाही सांगितलंत? सगळे गप्प बसले असते.”

“ओळ गिळते म्हणून सांगितलं, ते पुरायला नको काय? पोरीचं नुकसान मांडून दाखवलं तरच माझं खरं? ती म्हणाली, सर, माझं नाव कुठं काढू नका. माझी चेष्टा होईल. मग नाही काढलं.” त्यांनी ग्लास परत उचलला. “तुम्ही पण काढू नका.”

गाडी लागली. कंडक्टरनं त्यांना ओळखून पुढची सीट रिकामी करून दिली.

घरी येऊन मी हरकत लिहायला बसले. सुवर्णाचं नाव घालायचं नव्हतं. नुसता मुद्दा घालायचा होता. ‘ज्या नियमांची प्रत अंध माणसाला वाचता येणार नाही अशी काढली, त्याच नियमांनी अंध माणसाला काढून टाकणं हा निलाजरेपणा आहे. माझी हरकत आहे.’ पाठवलं. मिनिटभरात उत्तर आलं: ‘आपला संदेश नियंत्रकाच्या मान्यतेसाठी राखून ठेवण्यात आला आहे.’

मला वाटलं, चुकून झालं असेल. दोन दिवस वाट बघितली. मग सुहासला फोन केला.

“हो काकू, बघितलं मी,” तो म्हणाला. फोनवर मी परत काकू झाले होते. “तो ‘निलाजरेपणा’ शब्द आहे ना, तो अडला. वाईट शब्दांची यादी घातलीय आपण, आपोआप अडतात. तेवढा शब्द काढून परत पाठवा ना.”

“तुझ्या हातात आहे ना सोडणं? मग सोड.”

“काकू, मीच नियम मोडला तर कसं चालेल? तुम्हीच तर म्हणाला होता, नियम सगळ्यांना सारखे.”

म्हणाले होते खरी.

मी शब्द काढला. माझ्या जिवावर आलं, पण काढला. त्या जागी ‘योग्य नाही’ असं लिहिलं. पाठवलं. परत तेच उत्तर: नियंत्रकाच्या मान्यतेसाठी. एकदा संदेश अडला की त्या माणसाचे पुढचे सगळेच संदेश काही काळ तपासून सोडायचे, अशी व्यवस्था होती म्हणे. मी सुहासला फोन लावला, लागला नाही. परत लावला. मेल केली. पल्लवीला फोन केला, “तू तरी हरकत घे गं.” ती रडायला लागली. “काकू, तक्रार करणाऱ्यात माझं नाव आहे. मी परत घेते म्हटलं तर म्हणाले, घेता येत नाही. तक्रार करणाऱ्यानं हरकत घेतलेली धरत नाहीत.”

आठ दिवस झाले. यादीवर एकही हरकत आली नाही. सुहासनं अत्यंत सुंदर शब्दांत बिरनाळेसरांच्या योगदानाचे आभार मानले.

माझा संदेश दुसऱ्या दिवशी यादीवर आला. त्याखाली सुहासची ओळ होती: ‘प्रवासात असल्याने मान्यता देणे राहून गेले. मनःपूर्वक क्षमस्व.’

समारंभाच्या आदल्या दिवशी तो मला न्यायला गाडी पाठवतो म्हणाला. बोलपाटीचा आवाज म्हणून मला व्यासपीठावर बसवायचं होतं.

“मी येत नाही,” मी म्हटलं. “आणि माझा आवाज काढून टाक त्यातून.”

“काकू...”

“काकू नको आणि ताई नको. माझा आवाज आहे, मी परत मागतेय.”

मला वाटतं, ते ऐकून त्याला खरंच वाईट वाटलं असावं. मांडी घालून जमिनीवर बसलेला तो मुलगा अगदीच खोटा नव्हता.

“तुम्ही मुक्त परवान्यावर सही केलीय, काकू. तो परत घेता येत नाही. आवाज आता तुमचा नाही, माझा नाही. सगळ्यांचा आहे. तीच तर आपली कल्पना होती ना?”

मी फोन ठेवला.

पल्लवीला बंगळूरला नोकरी लागली. तिची दुरुस्ती कुठे गेली ते मी विचारलं नाही. यादीवर मी आणखी काही महिने होते. कुणी कुणाला वाईट बोलत नव्हतं. सगळे सगळ्यांचे आभार मानत होते. हळूहळू तेही कमी झालं.

यंदा मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं. डोळ्यांच्या मधोमध डाग धरलाय. माणसाच्या चेहऱ्याकडे बघितलं की चेहरा सोडून बाकीचं दिसतं. भाचीनं फोनमध्ये वाचून दाखवायची सोय करून दिली. “मावशी, मराठीसाठी ही बोलपाटीच बरी आहे म्हणतात,” ती म्हणाली. आता सकाळी वर्तमानपत्राच्या बातम्या मी माझ्याच आवाजात ऐकते. साठीतल्या माझ्या आवाजाला धाप नाही.

गेल्या आठवड्यात एक मेल आली. चहा बाजूला ठेवून मी ऐकायला बसले.

“सप्रेम नमस्कार,” माझा आवाज म्हणाला. “बोलपाटी परिवाराच्या वतीने आपणास कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, ज्यांच्या आवाजाने हजारो घरे बोलकी केली, त्या श्रीमती शशिकला उपळेकर यांचा कृतज्ञता सत्कार करण्याचे योजिले आहे. परस्पर आदर हीच आपल्या परिवाराची ओळख. आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे. आपला नम्र, सुहास केळवकर.”

मग थांबला. मी वाट बघितली. परत पहिल्यापासून लावलं. परत ‘सुहास केळवकर’पाशी थांबला.

शेजारची मुलगी दार उघडं ठेवून अभ्यास करत होती. तिला हाक मारली असती तर तिनं एका नजरेत वाचून सांगितलं असतं. मी बिरनाळ्यांना फोन लावला. आमचा दिवाळीला आणि संक्रांतीला फोन असतो, मध्येच माझा नंबर ऐकून ते दचकले.

“काय झालं, बाई? तब्येत बरी हाय ना?”

“बरी आहे. तुम्ही बोलपाटी ऐकता का हो अजून?”

“कवाच सोडली. मी आता सगळं इंग्रजीत ऐकतो. मराठी यायचं कमी झालं कानावर. सुवर्णा ब्रेलमधलं काही वाचून दाखवते कधीतरी.”

सुवर्णा आता त्याच वसतिगृहात शिकवते. पुढच्या खेपेला ती परीक्षेला बसली नव्हती.

मी त्यांना पत्र आल्याचं सांगितलं. सत्काराचं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फोनवर त्यांच्या वसतिगृहाची घंटा ऐकू आली, मुलींची धावपळ ऐकू आली.

“सगळं वाचलं तिनं,” मी म्हटलं. “नावापर्यंत. त्याच्या खाली काहीतरी आहे आणि ते वाचत नाही. काय असेल?”

“स्थळ आणि वेळ, बाई,” बिरनाळे म्हणाले. “दुसरं काय असतंय?”